केक आत असताना दार उघडायचं नाही

शैलाच्या नवऱ्याचा, अरविंदरावांचा फोन आला तेव्हा मी दुकानात काउंटरमागे होते. "कुंदाताई, शैला पहाटे गेली," ते म्हणाले. मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलं. "आता लोक येत राहतील घरी... फ्रीझरमध्ये तिचे केक आहेत, ते काढले तर चालेल का?" माणूस धक्क्यात वाट्टेल ते बोलतो, हे मला कळतं. मी फार्मसिस्ट आहे, औषधं न्यायला आलेल्या माणसांच्या तोंडून मी काय काय ऐकलंय. पण धक्क्यातसुद्धा तोंडातून तेच बाहेर येतं जे आत तयार असतं. या माणसाच्या आत शैला म्हणजे केक, एवढंच तयार होतं. मी "काढा" म्हटलं, फोन ठेवला, मागच्या खोलीत गेले आणि कफ सिरपच्या रिकाम्या खोक्याला सणसणीत लाथ मारली.

मग इथल्या मराठी मंडळानं शोकसभा घेतली. नेहमीचाच कम्युनिटी हॉल, त्याच प्लास्टिकच्या खुर्च्या. एकेक जण उठला आणि केकवर बोलला. कुणी दालचिनीवर बोललं, कुणी सफरचंदावर, एका बाईंनी तर तिला 'नॉटिंगहॅमची अन्नपूर्णा' करून टाकलं. शेवटी सेक्रेटरींनी सुचवलं की दरवर्षी दिवाळीला शैलावहिनींच्या नावानं केक-स्पर्धा ठेवावी. टाळ्या पडल्या. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. या पुरवणीच्या संपादकांनी मला मैत्रिणीच्या हृद्य आठवणी लिहायला सांगितल्यात. हृद्य माझ्याच्यानं होणार नाही. महिना उलटून गेला तरी माझा राग उतरलेला नाही, कारण शैलाला केक आवडायचाच नाही. तोंडसुद्धा लावायची नाही मेली. घशाशी येतं म्हणायची.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती पुण्याहून इकडे आली, माझ्यानंतर दोनेक वर्षांनी. अरविंदराव हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, म्हणजे घरात कमी आणि ऑन-कॉल जास्त. शैला त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर रक्ताचे नमुने तपासायची. मग मुग्धा झाली, मग मुग्धाचा भाऊ, आणि पाठोपाठ सासूबाई, माई, सहा महिन्यांसाठी म्हणून आल्या त्या कायमच्याच राहिल्या. लग्नाआधी ही बाई दिवसाला पुस्तक फस्त करायची. तिच्या वडिलांनी लग्नात भांड्यांबरोबर पुस्तकांची ट्रंक दिली होती, ती ट्रंक पुण्यातच राहिली, कारण विमानात वजन प्रेशर कुकरचं झालं. इथं आल्यावर ती ब्रँच लायब्ररीतून इंग्रजी कादंबऱ्या आणायची, आणि इंडियाला जाऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे लागून मराठी पुस्तकं मागवायची. आणायची, पण वाचणार कधी? घरात बसून वाचायला लागली की माईंचा आवाज यायचा, "शैला, रिकामी आहेस का गं?" वाचणारी बाई म्हणजे रिकामी बाई. अरविंदराव काही म्हणायचे नाहीत. ते नुसते येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "माझा निळा शर्ट पाहिलास का?" तो शर्ट त्यांच्याच कपाटात त्यांच्याच नाकासमोर लटकत असायचा.

केक आला तो शेजारच्या म्हाताऱ्या इंग्लिश बाईंमुळे. ऑटम, म्हणजे इथला पानगळीचा मोसम, लागला की त्यांच्या झाडाखाली आंबट कुकिंग अॅपलांचा सडा पडायचा, आणि त्या खोकं भरून शैलाच्या दारात ठेवायच्या. फुकट आलेलं टाकायचं कसं? आपली मराठी माणसं! लॅबमधल्या एका मैत्रिणीनं कृती सांगितली, माईंसाठी अंड्याऐवजी कन्डेन्स्ड मिल्क घालायचं ठरलं, आणि एका रविवारी दुपारी शैलानं पहिला केक ओव्हनमध्ये सरकवला. तो होईपर्यंत करायचं काय, म्हणून स्टूल ओढून पुस्तक घेऊन बसली. इतक्यात माई चहा विचारायला आत आल्या. सून वाचत बसलेली! शैला इतकी दचकली की उठताना ओव्हनचंच दार उघडून बघितल्यासारखं केलं. केक मधोमध बसला. खरं तर तिनं बेकिंग पावडर जुनी वापरली होती, मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "माई, किचनचं दार उघडलंत ना तुम्ही, वारा लागला, म्हणून बसला." आणि माई काय म्हणाल्या असतील? "अगं बाई! म्हणजे हसला म्हण की!"

ज्यांनी अनारसे केलेत त्यांना सांगायला नको. तुपात सोडल्यावर अनारसा फुटून पसरला की म्हणतात, हसला. माईंच्या माहेरी दिवाळीचे अनारसे तळताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे, आत कुणी यायचं नाही, मध्येच हाक मारायची नाही. माईंनी तो नियम केकला लावला. स्वतःच घरभर जाहीर केलं, "केक आत असताना कुणी दार उघडायचं नाही." शैलानं मला लॅबमधून फोन करून हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसत होती की मला निम्मं कळलंच नाही. "कुंदे, मला दार मिळालं," म्हणाली. "कडीवालं!"

पुढची सगळी वर्षं रविवार दुपार तिची. ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं एक तास मागे केली की साडेचारलाच अंधारून येतं, बाहेर ओल्या पानांचा चिखल, काचेवर वाफ, आणि आत ही ओव्हनला पाठ टेकून गरम गरम बसलेली. पुस्तकं ओव्हनखालच्या ट्रे ठेवायच्या खणात लपवायची, त्यामुळे ती हातात घेतली की भाकरीसारखी उबदार लागायची. मी कधी गेले तर मलाही आत घ्यायची, बोटानं 'चूप' करायची आणि एक पुस्तक हातात द्यायची. आम्ही दोघी एक अक्षर न बोलता बसायचो. माझ्या या देशातल्या सगळ्या दुपारींमध्ये तेवढ्याच मला परत हव्या आहेत.

इथल्या मासिकांत ऑटम आला की चित्रं छापून येतात. एक बाई, गुडघ्यावर चौकड्यांची शाल, हातात पुस्तक, बाजूला मेणबत्ती आणि सफरचंदाचा केक. खाली लिहिलेलं, दमलेल्या आयांनो, स्वतःसाठी थोडा वेळ काढा. काढा म्हणे! कुठून काढा? त्या चित्रातल्या बाईला सासू नसते, तिच्या सिंकमध्ये भांडी नसतात, तिला कुणी शर्ट विचारत नाही. शैलाला तासभर वाचायला मिळावं म्हणून आधी सफरचंदं सोलायची, मैदा चाळायचा, नंतर टिन खरवडायचे, ओटा पुसायचा. त्यात केक मंडळात गाजला. मग दिवाळीला केक, गणपतीला केक, कुणाच्या पोराच्या बर्थडेला केक. नाकापेक्षा मोती जड झाला. मी चिडायचे. म्हणायचे, "शैले, तू गाढवासारखी राबतेस आणि वाचतेस किती? सांग ना सरळ, मला वाचायचंय म्हणून. हसतील त्यांचे दात दिसतील." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "वाचायचंय म्हटलं की किती वेळ, कशाला, आत्ताच का, असं प्रत्येक रविवारी भांडायला लागणार. केकला कुणी काही विचारत नाही गं."

बरोबर होतं तिचं. म्हणूनच मला जास्त राग यायचा.

या उन्हाळ्यात तिला कॅन्सर निघाला, पोटातला, फार पुढे गेलेला. शेवटचं भेटले ते सप्टेंबर संपताना. घरात शिरले तर दालचिनीचा घमघमाट. माई पुढच्या खोलीत होत्या, म्हणाल्या, "आत आहे. केक ठेवलाय तिनं." मला आश्चर्य वाटलं, कारण शैलाला धड उभं राहवत नव्हतं. हळूच दार ढकललं. ती स्टुलावर नाही, खुर्चीत होती, पाठीला उशी, अंगात अरविंदरावांचा जुना स्वेटर, मांडीवर पुस्तक. ओव्हन चालू होता, आतला दिवा लागलेला. मी वाकून बघितलं. आत केक नव्हता. एका ताटलीत पाणी होतं आणि त्यात दालचिनीच्या काड्या.

"हे काय?" मी म्हटलं.

"आता फेटायला हात चालत नाहीत," ती म्हणाली. "वास आला म्हणजे झालं."

माझं डोकंच फिरलं. "अगं, मरायला टेकलीस आणि अजून चोरून वाचतेस? आता तरी कोण काय म्हणणार आहे तुला?"

"म्हणणार नाहीत. येऊन बसतील," ती म्हणाली. "पाय चेपतील, सूप भरवतील, रडतील... माझी ऐंशी पानं राहिलीत कुंदा. दार लाव."

मी दार लावलं. आतून नाही, बाहेरून, आणि तशीच तणतणत घरी गेले. तिची ती ऐंशी पानं झाली की नाही, मला माहीत नाही.

शोकसभेनंतरच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. हॉलमध्ये काळ्या बॅगांची रांग. अरविंदराव आवराआवर करत होते. कपडे चॅरिटी शॉपला, चपला चॅरिटी शॉपला. केकचे टिन मात्र टेबलावर घासूनपुसून मांडलेले, आठवण म्हणून ठेवणार होते. एका बॅगेतून पुस्तकांचे कोपरे वर आले होते.

"ही बघा गंमत," ते म्हणाले. "ओव्हनच्या खणात सापडली. कुणाची असतील हो?"

"शैलाची."

"छे! तिला कुठे वेळ होता वाचायला!"

मग मी बोलले. सगळं बोलले. बेकिंग पावडरपासून दालचिनीच्या ताटलीपर्यंत, आवाज चढवून, त्या घरात आजवर कुणी चढवला नसेल एवढा. मुग्धा कडेवर पोर घेऊन जिन्यात उभी होती. ती आता लंडनजवळच्या रीडिंग गावात असते, कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, दहा महिन्यांची मुलगी, आणि डोळ्यांखाली आईसारखीच काळी वर्तुळं. अरविंदराव खाली बसले. म्हणाले, "मग ती मला बोलली का नाही?"

"तुम्ही तिला कधी विचारलंत? शर्टाव्यतिरिक्त?"

त्यांचा चेहरा उतरला. उतरू दे. मला दया आली नाही, आणि आली असं लिहिणारही नाही.

कोपऱ्यातून माई म्हणाल्या, "मला ठाऊक होतं."

मी वळले. पंच्याऐंशीच्या घरातली बाई, हातात जपाची माळ, डोळे कोरडे. "काय ठाऊक होतं माई?"

"ती वाचते ते. एवढा वेळ कधी केकला लागतो का? अनारशांना तरी कुठे लागायचा? मीही दार लावून बसायचे की. तळून व्हायचे लवकर. मग नुसती बसायचे चुलीपुढे. कुणी हाक मारत नसे."

मला वाटलं, आता या बाईला गदागदा हलवावं. "आणि तरी तुम्ही तिला रिकामी आहेस का म्हणून विचारत राहिलात? एकदा, फक्त एकदा, 'बस गं शैला, वाच' म्हणाला असतात तर?"

"मला कोण म्हणालं होतं?" माई म्हणाल्या.

माझा राग काही गेला नाही. मी ती काळी बॅग उचलली, किचनमध्ये नेली आणि एकेक पुस्तक परत खणात लावायला लागले. मागोमाग मुग्धा आली. पोर तिनं आजोबांकडे दिली होती.

"कुंदामावशी," ती हळूच म्हणाली, "आईचा रेसिपी तुला येतो ना? मी सगळीकडे शोधला, कुठेच लिहिलेला नाही. मला पण करायचं आहे, पण ऑनेस्टली, मला टाइमच नसतो."

"येते की," मी म्हटलं. "ओव्हन लाव."

"किती डिग्री?"

"लाव कितीही."

मी ताटलीत पाणी घेतलं, डब्यातली दालचिनी मोडून त्यात टाकली आणि ताटली आत सरकवली. मुग्धा बघतच राहिली. मी दाराला कडी घातली, आईच्या खुर्चीत तिला बसवलं आणि खणातलं वरचं पुस्तक तिच्या हातात दिलं. इंग्रजी होतं, तिला मराठी वाचता येत नाही म्हणून मुद्दाम बघून दिलं. मुग्धानं ते दोन्ही हातांत धरलं, उघडलं, नाकाशी नेलं, आणि तेव्हा कुठे ती रडली. त्या घरात मी पाहिलेलं ते पहिलं रडणं. नंतर डोळे पुसून ती खरंच वाचायला लागली. मी स्टुलावर बसले. काचेवर वाफ धरायला लागली.

बाहेर पोर रडू लागली. मग दारावर टकटक. "मुग्धा, ही काही केल्या थांबत नाही गं माझ्याकडे. दार उघड जरा." मुग्धा पुस्तक मिटून अर्धी उठली. मी तिला खूण केली, पण आई आहे ती, थांबते कशाला. तिचा हात कडीपर्यंत गेला होता.

तेवढ्यात पलीकडून माईंचा आवाज आला. "अरविंद, दार वाजवू नकोस. केक आहे आत, हसेल. फिरव तिला तूच, फिरवली की झोपेल."

मुग्धा परत खुर्चीत बसली. ओव्हनमध्ये केक नव्हता, आणि दार कुणी उघडलं नाही.