मी काहीच खात नव्हते

डाव्या गालाच्या आत वाटाण्याएवढी जखम होती आणि दोन महिने ती भरत नव्हती, एवढीच तक्रार घेऊन मी हॉस्पिटलात गेले होते. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरने तोंडात बॅटरीचा उजेड पाडला, हातमोजा घातलेलं बोट फिरवलं, आणि मग माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला विचारलं, "तंबाकू खाती हैं?"

तोंड माझं, आणि प्रश्न नवऱ्याला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मैं यहाँ बैठी हूँ," मी म्हटलं. "मुझसे पूछिए. और मैं कुछ नहीं खाती."

तो फॉर्मवरचं पुढचं काहीतरी वाचून विचारत होता. मी ते नीट ऐकलंही नाही, नुसती मान हलवत राहिले. नाही, नाही, नाही. त्याने एका दमात सगळ्या रकान्यांवर काट मारली.

मला एवढा राग का आला, ते सांगायला हवं. एकवीस वर्षं मी इंदूरच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. आठवी-नववीच्या मुलांच्या दप्तरातून गुटख्याच्या पुड्या काढणं हे तिथलं माझं बिनपगारी काम. शाळेच्या गेटपासून वीस पावलांवर पानाचं दुकान होतं, त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. पण मी मुलांना रांगेत उभं करून तोंडं उघडायला लावते, यावर पालक मुख्याध्यापकांकडे तक्रार करत. मी त्यांना भीक घातली नाही. जप्त केलेल्या पुड्या स्टाफरूमच्या कपाटात ठेवायच्या आणि शनिवारी सगळ्यांदेखत जाळायच्या, असा माझा नियम होता. आणि आता एक माणूस मलाच, तोही नवऱ्यामार्फत, हा प्रश्न विचारत होता.

जखमेचा तुकडा तपासायला गेला, कॅन्सरचा रिपोर्ट आला. नवऱ्याने तो गाडीत बसून वाचला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी रडले नाही. लोक नंतर म्हणाले, काय धीराची बाई. धीर कसला? मी संतापले होते. ज्यांनी आयुष्यभर तंबाखूचे तोबरे भरले ते गावातल्या राजवाड्यासमोर उभे राहून मस्त गप्पा मारत होते, आणि गालाचा अर्धा भाग कापला जाणार होता माझा.

ऑपरेशन झालं. मांडीची कातडी गालात आली, खालचे चार दात गेले, नाकातून नळी आली. मग तीस दिवस किरणांचा शेक. तोंडाची आतून साल निघाली. पाणी गिळतानाही डोळ्यांतून पाणी यायचं. हे सगळं सहन करता येतं, खरंच येतं. सहन झाली नाहीत ती भेटायला येणारी माणसं.

सफरचंदं घेऊन यायची. ज्या बाईला तोंड उघडता येत नाही, तिला सफरचंदं! खुर्ची ओढायची, दोन मिनिटं माझ्या पट्टीकडे बघायची आणि मग विचारायची, "पर भाभीजी, आप तो कुछ खाती नहीं थीं ना?" मराठी मंडळी जरा सभ्यपणे विचारायची, "तसं काही... सवय वगैरे?" नवऱ्याचे ऑफिसातले मित्र त्याला बाल्कनीत घेऊन जायचे, "भिया, सच बता, घर में छुपके तो नहीं खाती थीं?" बाल्कनीचं दार उघडंच असायचं. माझं तोंड गेलं होतं, कान शाबूत होते.

आणि शाळा! माझ्या लाडक्या शाळेत बातमी पसरली की मॅडम जप्त केलेल्या पुड्या जाळत नव्हत्या, स्वतःच खात होत्या. माझ्या जागी आलेल्या शिक्षिकेने हे मला काळजीच्या सुरात फोनवर सांगितलं. मी फोन भिंतीवर फेकला. त्याची काच तडकली, आणि ती मी पुढे दीड वर्ष बदलली नाही.

बऱ्याच दिवसांनी माझ्या एक लक्षात आलं. तो प्रश्न माझ्यासाठी नसायचाच. मी "हो" म्हटलं असतं, तर विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडला असता: हिने खाल्लं, हिला झालं, आपण खात नाही, आपण सुटलो. मी "नाही" म्हणायचे तेव्हा त्यांचे चेहरे उतरायचे. ते माझी चौकशी करायला येत नव्हते, स्वतःची खात्री करून घ्यायला येत होते. हे कळल्यावर तर मी हट्टालाच पेटले. न विचारताही सांगू लागले. मी काहीच खात नव्हते. रिक्षावाल्याला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, बँकेत रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी बाईला सांगितलं. माझे उच्चार जड झाले होते, प आणि ब ओठातच अडकायचे, वर्गात उभं राहून शिकवणं कायमचं संपलं होतं. पण हे एक वाक्य मी घासून घासून स्वच्छ केलं होतं.

दोन वर्षं झाली तेव्हा हॉस्पिटलने बरे झालेल्या रुग्णांचा मेळावा भरवला. आम्हाला 'योद्धा' म्हणाले. या शब्दाची मला चीड आहे. मी कोणाशी लढले नाही, मला टेबलावर निजवलं होतं. आणि जे बिचारे वाचलेच नाहीत, ते काय कमी लढले? पण सूत्रसंचालकाने मला "जिन्होंने कभी किसी नशे को हाथ नहीं लगाया" असं म्हणून पुढे बोलावलं, तेव्हा मी ताठ मानेने स्टेजवर गेले आणि माझं वाक्य म्हटलं. टाळ्या झाल्या. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

खाली चहाच्या टेबलाशी शाळेतली एक जुनी सहकारी भेटली. कौतुकाने म्हणाली, "मैडम के हाथ की सुपारी की आदत लग गई थी हम सबको. अब वैसी कोई नहीं बनाता."

शेजारी ऑपरेशननंतर माझी पट्टी बदलणारी सिस्टर उभी होती. तिने कप खाली ठेवला. "सुपारी? आप खाती थीं?"

"घर की थी," मी म्हटलं. "उसमें तंबाकू नहीं होता."

"मैडम," ती हळूच म्हणाली, "अकेली सुपारी से भी होता है. फॉर्म में पूछते हैं. आपके में तो 'नहीं' लिखा है."

मी तिच्यावर उखडले. सुपारी काय व्यसन आहे? आम्ही गणपती म्हणून पाटावर मांडतो तिला. लग्न ठरलं की सुपारी फोडतो. आमच्या सासऱ्यांचे वडील संस्थानच्या कचेरीत होते, घरात तंबाखूचं नावही निघत नसे, पण जेवण झालं की सुपारीचं तबक पुढे आलंच पाहिजे. तंबाखू ते खातात, सुपारी आपण खातो. हा फरक मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून शिकले होते आणि विज्ञानाची पदवी असून तो मला एकदाही खटकला नव्हता.

घरी आल्यावर राग निवला आणि त्याखाली दुसरं काहीतरी होतं. सियागंजच्या बाजारातून आख्खी सुपारी आणायची, अडकित्त्याने पातळ कातरायची, तुपावर भाजायची, त्यात बडीशेप, लवंग, ज्येष्ठमध. जेवणानंतर एक चिमूट. मधल्या सुट्टीत एक. वह्या तपासताना किती, ते मोजलंच नाही. चावून टाकायची नाही, गालात धरून ठेवायची. डाव्या गालात. नेहमी डाव्याच.

मुलांची तोंडं उघडायला लावताना माझ्या स्वतःच्या तोंडात काय होतं, ते मला आत्ता आठवलं.

मी कोणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. दोन वर्षं ज्या वाक्यावर उभी होते ते काढून घेतलं, तर माझ्याजवळ काय राहणार होतं? बाल्कनीतले ते सगळे बरोबर ठरणार होते. सुपारी करणं मी बंद केलं आणि हात दुखतो असं कारण दिलं. मूग गिळून सात महिने काढले.

माझी धाकटी नणंद इंदूरबाहेर सिमरोलच्या मोठ्या कॉलेजात ऑफिसात आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती अकरावीत होती. माझ्याच हाताखाली पुऱ्या लाटायला शिकली. माझ्या सुपारीची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक तीच. मी बंद केल्यावर ती स्वतः करू लागली आणि डबी घेऊन रोज बसमधून जाऊ-येऊ लागली.

एका रविवारी सकाळी ती पोहे खायला आली. तिने पोह्यांवर जिरावन, आमचा तो तिखट मसाला, घेतलं नाही. इंदूरचा माणूस जिरावनाला नको म्हणतो, म्हणजे काहीतरी बिघडलेलं असतं.

"हल्ली तोंडात चुरचुरतं गं, वहिनी," ती म्हणाली. "तिखट लागलं की आगच होते. एसिडिटी आहे, और क्या." मग तिने जांभई दिली, आणि ती जांभई अर्ध्यावरच थांबली. जबडा पुढे उघडलाच नाही.

"तीन बोटं तोंडात घाल," मी म्हटलं. "उभी. एकावर एक."

ती हसली. दोन गेली. तिसरं दातांवर अडलं.

"उद्या डॉक्टरकडे जायचं."

"अगं, काहीतरीच काय? मला कशाला होईल? खाण्याने होत असतं तर तुला झालं असतं का? तू तर काहीच खात नव्हतीस. तुझं ते नशीब होतं, वहिनी."

माझंच वाक्य. मीच घासून दिलेलं. ते पांघरून ती निवांत बसली होती.

नवरा समोर पेपर वाचत होता. मी म्हटलं, "मी खात होते."

पेपर खाली आला.

"सुपारी. दिवसातून सहा-सात वेळा. त्यानेच झालं मला. आणि तीच तुला मी इतकी वर्षं डबे भरभरून दिली."

"सुपारी? ती काय खाणं असतं?" ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने ताटली बाजूला सरकवली. "तुला कधी कळलं हे?"

"सात महिने झाले."

"सात महिने? और तू चुप बैठी? मी तुझ्यासमोर डबी उघडत होते वहिनी, तू बघत होतीस! लोक काय म्हणतील म्हणून?"

हो. लोक काय म्हणतील म्हणूनच. दुसऱ्यांच्या तोंडातून पुड्या ओढून काढणाऱ्या बाईला स्वतःच्या घरात तोंड उघडता आलं नाही. दोन वर्षं मी जगावर चिडले होते, त्या दिवशी पहिल्यांदा योग्य माणसावर चिडले.

दुसऱ्या दिवशी ती गेली, पण भावाला घेऊन. मला नाही. तपासणीत कॅन्सर नव्हता. त्याच्या आधीची पायरी होती. गालाच्या आतलं कातडं घट्ट होत चाललं होतं. सुपारी त्या क्षणी बंद, जबड्याचे व्यायाम, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. नवऱ्याने हे मला सांगितलं आणि मग, इतक्या महिन्यांनी, मी ओट्याशी उभी राहून मोठ्याने रडले.

नणंद चार महिने बोलली नाही. दिवाळीला आली, फराळाचं ताट माझ्या हातात न देता टेबलावर ठेवून गेली. मी समजूत काढायला गेले नाही. तिचा राग खरा होता, आणि खऱ्या रागाची मला कदर आहे.

तो प्रश्न मात्र मला आजही पटत नाही. खाल्लं असेल माझ्यासारखं, नसेल खाल्लं, आजारी माणसाला बिछान्यावर आरोपीसारखं बसवायचा हक्क कोणालाही नाही. त्या डॉक्टरने पहिल्याच प्रश्नात मला असं कोपऱ्यात गाठलं नसतं, तर मी त्याची यादी शेवटपर्यंत ऐकून घेतली असती. कदाचित. हे 'कदाचित' मलाच गिळायचं आहे.

मागच्या महिन्यात एका दुपारी नणंदेचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "मी तुझं बसमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं. माझी वहिनी सुपारी खायची, म्हणून तिला झाला. मोठ्याने सांगितलं."

"बरं केलंस," मी म्हटलं. तरी कान तापलेच.

"आमच्या मेसमध्ये काम करणारी एक बाई आहे. ऐकून रडायला लागली. तिच्या तोंडात पांढरा चट्टा आहे आणि घरी सांगायची हिंमत नाही. तुझा नंबर दिलाय तिला." आणि तिने फोन ठेवला.

तासाभराने त्या बाईचा फोन आला. ती घाईघाईने म्हणू लागली, "दीदी, मैं वैसी नहीं हूँ, मैं तो बस कभी-कभी..."

"वो कुछ मत बताओ," मी म्हटलं. "अकेली मत जाना. मैं चलूँगी साथ में."

माझे जड उच्चार तिला समजले नाहीत. "जी?" ती म्हणाली.

मी तेच पुन्हा, सावकाश म्हटलं.