इंजिनावरचं नाव

माझ्या थोरल्या मुलीचं नाव लोरमिना. नाही, आम्ही ख्रिश्चन नाही. गोव्याचेही नाही. आणि मी कुठली परदेशी कादंबरी वाचून ते नाव ठेवलेलं नाही. ही तीन उत्तरं मी पन्नास वर्षं देते आहे, आणि अजून दर लग्नात कुणीतरी नवीन माणूस भेटतं आणि मला पहिल्यापासून सुरू करावं लागतं. खरं उत्तर द्यायचं तर समोरच्याला बसवून चहा ठेवावा लागतो, म्हणून मी ते टाळते. आज एकदाचं लिहूनच टाकते. लोरमिना हे आमच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं नाव होतं.

पारनेर तालुक्यातलं आमचं गाव. बहात्तर सालचा उन्हाळा. मी गावातल्या शाळेत शिकवत होते आणि पहिलटकरीण होते. नवरा दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला जायचा, तो दिवेलागणीला परतायचा. घरात सासूबाई होत्या आणि माझी नणंद. तिला मी वन्सं म्हणायचे. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, नवऱ्यानं टाकलेली, मूलबाळ नाही. लग्नानंतर दोन वर्षांत परत आली ती भावाच्या घरात राहिली. घरात ती राबायची सगळ्यात जास्त आणि तिला विचारायचं कुणी काहीच नाही. मीही नाही, हे आधीच कबूल करते.

इंजिन मात्र तिच्या हातात होतं. ते नवं आणलं तेव्हा मेस्त्रीनं चालू करून दाखवलं माझ्या नवऱ्याला, आणि शिकली ती. हँडल घालायचं, डाव्या हातानं खटका उचलून धरायचा, चार फेरे जोरात मारायचे आणि नेमक्या वेळी खटका सोडायचा. नवऱ्याच्या हातून ते दहादा बंद पडायचं. वन्संच्या हातून एकदाही नाही. विहिरीत पाणी इतकंसंच असायचं. तासभर इंजिन चालवलं की तळ दिसायचा, मग झरे भरेपर्यंत तीन तास वाट बघायची. वाडीतल्या बायका हंडे घेऊन रांगेत बसायच्या आणि वन्सं इंजिनाशेजारी बांधावर. शाळा सुटली की मीही तिथे जाऊन बसायचे, कारण घरी सासूबाईंच्या डोळ्यांसमोर बसण्यापेक्षा ते बरं होतं.

तिथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. नुसती बसून काय राहते ही बाई, म्हणून मी पाटी नेली आणि अक्षरं शिकवायला घेतली. 'अ' अननसाचा. वन्सं म्हणाली, "अननस म्या कवा बगितलाच न्हाई." बरं, मग 'क' कमळाचा. "ह्या दुस्काळात कुटलं कमळ आनू, वैनी?" आठ दिवस माझा असा जीव खाल्ल्यावर तिनं इंजिनाच्या हिरव्या टाकीकडे बोट केलं. त्यावर लाल रंगात ठसठशीत देवनागरी अक्षरं होती. "त्ये काय लिवलंय त्ये शिकवा. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

म्हणून मी लो, र, मि, ना शिकवलं. चार अक्षरं, चार दिवस. पाचव्या दिवशी तिनं पाटी बाजूला ठेवली, टाकीवर बोट फिरवत सलग वाचलं, आणि हंडे घेऊन बसलेल्या बायकांकडे बघून मोठ्यानं परत वाचलं. मी म्हटलं, आता पुढचं अक्षर घेऊ. ती म्हणाली, "पुरे झालं." माझ्या शाळेत असा विद्यार्थी असता तर मी त्याला कोंबडा करून उभा केला असता. रोज जाता-येता ती कोळशानं दगडावर, काडीनं धुळीत, शेणाच्या हातानं भिंतीवर तेच चार अक्षरांचं नाव लिहायची. मी चिडून शिकवणं सोडून दिलं.

मग माझं बाळंतपण आलं. माहेरी पाण्याचे हाल, म्हणून पहिलं असूनही ते सासरीच झालं. मुलगी झाली. तिचं नाव मी सातव्या महिन्यातच ठरवून ठेवलं होतं, आणि माझ्या आयुष्यातलं ते पहिलं असं काहीतरी होतं जे मी एकटीनं ठरवलं होतं. लग्न वडिलांनी ठरवलं, नोकरीचं गाव शिक्षण खात्यानं, घरात काय शिजायचं ते सासूबाईंनी. निदान मुलीचं नाव तरी माझं असेल, एवढीच माझी हाव होती.

पण नाव ठेवायचा मान आत्याचा. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीत गुद्दे घालतात. आईनं मध्ये बोलायची पद्धत नाही. म्हणून मी बाराव्या दिवशी सकाळी वन्संला तीन वेळा नाव सांगितलं, तिच्याकडून तीन वेळा म्हणून घेतलं. तिनं मान डोलावली. संध्याकाळी ती पाळण्यात वाकली, बायकांनी धपाधप तिच्या पाठीत गुद्दे घातले, आणि वर येऊन तिनं जाहीर केलं, "लोरमिना!"

मी पाटावरून उठलेच. सासूबाईंनी मला खांदा धरून खाली बसवलं. बायका मात्र खूश. "बेस हाय की! पान्याचं नाव हाय." मी नवऱ्याकडे बघितलं, तर तो घुगऱ्या वाटत होता. रात्री मी रडले, भांडले. तो म्हणाला, "कानात सांगितलेलं नाव आता परत कसं घ्यायचं?" मी म्हटलं, निदान मीना म्हणू या. वन्संनं ते ऐकलं आणि सरळ विचारलं, "अर्दंच कशापायी? पुरं नाव जड जातंय व्हय?"

यापुढे जे झालं ते माझ्या सहनशक्तीच्या पलीकडचं होतं. नाव घरात राहिलं असतं तर मी गिळलं असतं. ते पसरलं. त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीनं वाडी जगवली होती, म्हणून पुढच्या दीड वर्षात वाडीत आणखी तीन लोरमिना झाल्या. पाथर्डीकडची एक टोळी ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे जाताना आमच्याकडे पाण्याला थांबली होती. त्यातल्या एका बाईनं आपल्या पोरीला तेच नाव ठेवल्याचा निरोप आला, म्हणजे तालुक्याच्या बाहेरही सोय झाली. लोक मला बोलावून नाव कसं लिहायचं ते विचारायचे. मी शिकलेली ना! बारशाच्या वाट्यांवर नाव घालायला आलेल्या तांबटाला मी स्वतःच्या हातानं ते चार घरांसाठी लिहून दिलं आहे.

इंजिनाच्या दुरुस्तीला नगरहून आलेल्या मेस्त्रीला हे कळलं, तेव्हा त्याला तर आभाळ ठेंगणं झालं. पुढच्या खेपेला त्यानं मुलीसाठी झबलं नाही, खेळणं नाही, चक्क कंपनीची पत्र्याची पाटी आणली. सासूबाईंनी ती पाळण्याच्या वर भिंतीत ठोकली. येणारा जाणारा आधी पाटी वाचायचा आणि मग पाळण्यात बघायचा.

आणि कडी म्हणजे शेजाऱ्यांची म्हैस. घोडेगावच्या बाजारातून त्यांनी ती आणली. दूध थांबता थांबेना, म्हणून तिचं नाव लोरमिना. संध्याकाळी शेजारी गोठ्यातून ओरडायचे, "लोरमिने, सरक तिकडं!" आणि माझी मुलगी, जी नुकतीच रांगायला लागली होती, ती दाराकडे निघायची. त्या दिवशी मी ठरवलं की हे संपवायचं.

एक वाट अजून शिल्लक होती. गावच्या जन्माच्या नोंदवहीत माझ्या मुलीच्या जन्माची नोंद झाली होती, पण नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' होतं. नाव नंतर भरून घ्यायचं होतं. लोक तोंडानं काय म्हणतील ते म्हणोत, कागदावर मी ठरवलेलं नाव चढलं की शाळेत तेच, पुढे सगळीकडे तेच. मी चिठ्ठीवर ते नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं, चिठ्ठी रुमालात बांधली आणि एका शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रामसेवकांकडे निघाले. कुणाला बोलले नाही. पण मुलीला कडेवर घ्यायला कुणीतरी हवं होतं, आणि वन्सं आपण होऊनच निघाली. तिला कसं नको म्हणणार?

ग्रामसेवक जुने होते. आधी सह्या, मग मजकूर, ही त्यांची पद्धत. माझी सही झाली. मग ते म्हणाले, "जन्माच्या वक्ताला हजर कोन होतं? त्यांची सही लागंल, न्हाई तर अंगठा." हजर वन्संच होती. माझ्या उशाशी रात्रभर तीच बसली होती. ग्रामसेवकांनी शाईचं पॅड तिच्यापुढे सरकवलं.

वन्संनं मुलीला माझ्याकडे दिलं, पॅड बाजूला ढकललं आणि टाक मागितला. मग टेबलावर जवळजवळ आडवी होऊन, जीभ दातात धरून, सहीच्या रकान्यात तिनं लिहिलं, लोरमिना. अक्षरं टाकीवरच्यासारखीच ठसठशीत होती.

ग्रामसेवकांनी चष्मा वर केला. "बाई, हे तुमचं नाव व्हय?"

"न्हाई. भाचीचं हाय," वन्सं म्हणाली. "मला येवडंच लिवता येतंय."

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग, पोरीचं नाव काय घालू?" वन्सं माझ्याकडे बघत होती. तिला चिठ्ठीचं माहीत नव्हतं. आपण सही केली याच आनंदात ती होती, आणि मी तिला शाबासकी देईन म्हणून थांबली होती. मला तिचा इतका राग आला, आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की रुमालाची गाठ मला सुटेना. खरं म्हणजे मी ती सोडलीच नाही.

"समोर लिहिलंय की," मी म्हणाले. "तेच घाला."

घरी आल्यावर मुलगी सासूबाईंकडे टाकली, पाटी-पेन्सिल घेतली आणि वन्संला विहिरीवर नेऊन इंजिनाशेजारी बसवलं. पाटीवर तिचं स्वतःचं नाव लिहिलं. वर्षभर तिला शिकवल्याचा तोरा मिरवणाऱ्या मला ते एकदाही सुचलं नव्हतं.

"ह्ये काय?" तिनं विचारलं.

"तुमचं नाव."

तिनं पाटीकडे पाहिलं आणि ती परत माझ्या हातात दिली. "त्येचा काय उपेग, वैनी? माजं नाव कोन इचारतंय?"

मी पाटी तिच्या मांडीवर आपटली.

"मी विचारतेय," मी ओरडले. "लिहा!"