धारेखालची खुर्ची

फजिती ऐकायची आहे ना? मग आधी चहा ओता. फजिती सासुरवाडीची आहे, कोरड्या घशाने सांगवत नाही.

मी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. माझे सासरे कोरेगावकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या मते मी म्हणजे 'धोंडा कुठं पडतो ते पोरांना सांगून पगार घेणारा माणूस'. लग्न झाल्यापासून हे मत बदलायची संधी मी शोधत होतो, आणि ती चालून आली!

सासऱ्यांनी उसासाठी नवी पाइपलाइन आणली. पाइपाचं तोंड आडवं, पुरुषभर उंचीच्याही वर, आणि जाडजूड धार पार लांब हौदात पडायची. फौजेतल्या दोस्तांच्या ग्रुपवर टाकायला त्यांना तिथला फोटो हवा होता. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, डोक्याला फेटा बांधून तयार.

"मामा, हौदाशेजारी कशाला उभे राहताय? धारेखाली खुर्ची टाकू. पाणी डोक्यावरून कमानीसारखं जाईल."

"आन् भिजलो म्हंजे?"

असं विचारलं की मला चेवच येतो. अहो, आमच्या धड्यातलं गणितच शेतात उभं होतं! उसाचं कांडकं घेतलं आणि मातीत मांडलं. पाइपाच्या उंचीवरून पाणी पडायला लागणारा वेळ काढला. पाणी किती लांब पडतं त्यावरून आडवा वेग काढला. हा वेग वाटेत बदलत नाही, मग खुर्चीपाशी येईतो धार किती उतरेल? जेमतेम हातभर. फेट्याचा तुरासुद्धा कोरडा राहणार होता.

"फक्त मोटर चालू होताना धार जवळ पडते," मी थाटात म्हणालो. "म्हणून आधी मोटर, मग खुर्ची." काय ती दूरदृष्टी!

शेतीची लाईट आली, मोटर लागली, धार नेमकी हौदात. मी खुर्ची सरकवली, सासरे बसले. अंगावर एक थेंब नाही.

"लय भारी की ओ जावईबापू. शिक्षान वाया न्हाई गेलं तुमचं. या, बसा हितं."

किती वाट पाहिली होती मी या वाक्याची! दुसरी खुर्ची घेतली आणि छाती काढून शेजारी बसलो. समोर बायको मोबाइल धरून म्हणाली, "अहो, जरा हसा की."

हसलो. आणि लाईट गेली.

आता मला सांगा, मोटर बंद पडली म्हणून पाणी एकदम थांबतं का? त्याचा वेग कमी होत जातो आणि धार मागे मागे सरकते. हौदातून काठावर, काठावरून चिखलात, चिखलातून आमच्याकडे. मला पायरी न् पायरी समजत होती, फक्त उठायचं सुचलं नाही. फेट्यासकट सुभेदार आणि गणितासकट जावई न्हाऊन निघाले.

सासऱ्यांनी मिशा पुसल्या. "जावईबापू, गणित बराबर हुतं. पर लाईट धरली न्हवती त्यात."

फोटो ग्रुपवर गेलाच, खाली सासऱ्यांचं ते लाईटचं वाक्यही. त्या ग्रुपमधल्या एका हवालदारांची मुलगी माझ्याच वर्गात आहे, हे मला सोमवारी कळलं. मी फळ्यावर आडवा फेकलेला चेंडू काढला आणि नेहमीसारखं म्हणालो, "हवेचा विरोध नाही असं धरा."

मुलींच्या बाकांवरून अगदी अदबीने प्रश्न आला, "सर, आणि लाईट?"