गाडीची फडकी

नायगावच्या बीडीडी चाळीत चंपाबाईंच्या कामाला नाव नव्हतं. धुणंवाली म्हणावं, तर त्या कुणाचे कपडे धूत नसत. त्या मोटार पुसायची फडकी धूत, आणि तीही एकाच मोटारीची. गिरगावात हेमचंद्रराव नावाचे वकील होते. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि त्यांच्याकडे सायीच्या रंगाची गाडी होती. दोन्ही गोष्टींचा परिणाम गाडीवर झाला होता.

फडकी तीन जातींची: चाकांची, काचांची आणि गाडीच्या अंगाची. त्यांनी एकमेकांत मिसळायचं नाही. चाकांच्या फडक्यांना आधी रॉकेल चोळायचं, मग ती सोडा घालून डब्यात उकळायची. अंगाची फडकी मऊ फ्लॅनेलची. ती कोमट पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची आणि मांडीवर पसरून बोटांनी चाचपायची. वाळूचा एक कण राहिला तरी रंगावर ओरखडा उठतो. शेवटी चंपाबाई फडकं स्वतःच्या गालावरून फिरवत. गालाला टोचलं नाही तर गाडीला टोचत नाही, असा हिशेब. गालाचं कुणी विचारलं नव्हतं.

तेलकट पाण्यामुळे नळावर बायका त्यांना शेवटी उभं करत. तोवर नळ नुसता खोकत असे. गिरणीतला नवरा वारल्यापासून पोट या फडक्यांवर होतं, आणि पाठ मोडलेल्या बाईला दुसरं काम कुणी देणार नव्हतं, हे त्या जाणून होत्या.

छप्पन साली संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला, तेव्हा चाळीच्या कमिटीने ठराव केला: प्रत्येक दारावर काळा झेंडा. हिंदमाताच्या कापडवाल्यांनी चळवळीला मनापासून पाठिंबा दिला होता. काळं कापड एक वारही शिल्लक नव्हतं. चंपाबाई रॉकेलच्या रांगेतून परतल्या तर गॅलरीतली दोरी रिकामी, आणि खाली चुलाण्यावर काळ्या रंगाच्या पाण्याचा डबा रटरटतोय. शेजारी कमिटीचे सेक्रेटरी राजाराम काठी घेऊन ढवळतायत.

"राजाराम, माझी फडकी रे!"

"फडकी नाही बाई. झेंडे म्हणा आता."

"चाकांची न्यायची. ती काळीच होती."

"ती आधी नेली. पुरली नाहीत."

"विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. मग चाळीत उगाच बोलणं झालं असतं."

संध्याकाळच्या सभेत राजाराम यांनी चंपाबाईंच्या त्यागाचा उल्लेख केला. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजल्यावर त्याग परत मागणं बरं दिसत नाही. तरी झेंडे उतरताच चंपाबाईंनी दारोदार फिरून तो मागितला. मग धुणं सुरू झालं. काळ्याचं पांढरं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, पण ते काळं मळाचं होतं. हे रंगाचं होतं. पाणी बदलावं, तर ते पुन्हा काळं. उकळून, घासून, पिळून हात सोलवटले. अंगाच्या फडक्यांचा रंग राखाडीवरसुद्धा आला नाही.

फडकी पोचवायचा दिवस आला. ओलीच बांधून त्या गिरगावात गेल्या. वाटभर मनाशी जमवत होत्या, काय सांगायचं. ड्रायव्हर गंगाधरने बोचकं सोडलं आणि बघतच राहिला.

"मावशी, हे काय? कोण मेलं?"

"कमिटीने रंगवली. ओलं लावू नको, गंगाधरा, रंग सुटतोय."

"चोरीला गेली म्हणून सांग."

"मग नवी आणा म्हणतील. माझ्याकडून."

तेवढ्यात हेमचंद्रराव जिना उतरले. संयुक्त महाराष्ट्र त्यांना हवाच होता. फक्त तो गाडीला धक्का न लागता मिळावा. ठाकुरद्वारजवळ जमाव अजूनही काळा झेंडा नसलेल्या गाड्या अडवतोय, असं नुकतंच कळलं होतं, आणि त्यांना कोर्टात पोचायचं होतं. त्यांची नजर बोचक्यावर गेली.

"वा, चंपाबाई! हे कसं सुचलं तुम्हाला? गंगाधर, बांध एक बॉनेटवर."

चंपाबाईंनी तोंड उघडलं. सांगायचं होतं ते सगळं जिभेवर होतं. पण वकीलसाहेब गाडीत बसले होते, नोकरी आपोआप वाचली होती, आणि त्या फार दमल्या होत्या. त्यांनी तोंड मिटलं. गंगाधरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि झेंडा बांधला.

संध्याकाळी सायीच्या रंगाच्या बॉनेटवर हातभर काळा ओघळ वाळलेला होता. गंगाधरने दोष जमावावर ढकलला. हेमचंद्ररावांनी ओघळावरून बोट फिरवून पाहिलं. मग चंपाबाईंना बोलावून म्हणाले, "कपड्यांतलं तुम्हाला कळतं. हा डाग तुम्ही काढा. तो निघेपर्यंत या. मग फडकी धुवायला लाँड्री बघू. माणसांचं काही खरं नाही."

चंपाबाई येत राहिल्या. नव्या फडक्याने, हलक्या हाताने, थोडं थोडं. रंग सायीत मुरला होता. फिका झाला, पण गेला नाही.

"मावशी, जोर लाव की जरा," गंगाधर डोळा मिचकावून म्हणायचा.

"कुठून आणू जोर?" चंपाबाई म्हणायच्या. ते खरंच होतं.

साठ साली राज्य मिळालं. हेमचंद्ररावांनी पेढे वाटले, एक चंपाबाईंच्या हातावर ठेवला आणि बॉनेटकडे वाकून पाहिलं.

"अजून आहे वाटतं?"

"आहे थोडा," चंपाबाई म्हणाल्या. पेढा पदरात बांधला आणि फडकं झटकून घेतलं.