पुढे केलेलं मनगट

जागेश्वरला आताशा बायकोचं नावही आठवत नव्हतं. घराबाहेर पडला की तो थेट तलावाकडे चालू लागे. म्हणून शेतावर जाताना मंदाबाई जुन्या लुगड्याच्या चिंधीने त्याचा हात खाटेला बांधून ठेवी. हे तिने पोटच्या लेकालाही सांगितलं नव्हतं.

लाखनीत म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं केंद्र निघालं. आज तिने नवऱ्याला पहिल्यांदाच तिथे सोडलं. घरी येऊन ती गरम भात जेवली, दुपारी गाढ झोपली आणि संध्याकाळी केसांना तेल लावून त्याला आणायला गेली.

"मावशी, काकाजीनं तुरीच्या शेंगा सोलल्या. वरतून मलेच म्हणते, तुले जमत नाही!" तिथली मुलगी हसत म्हणाली.

मंदाबाईही हसली. तेवढ्यात जागेश्वरने तिला पाहिलं. ओळखलं की नाही, कोण जाणे. पण त्याने निमूटपणे मनगट पुढे केलं. त्यावरचा काळा वळ मुलीने पाहिला.

"बांधाले नाही जी, घरी न्याले आली," मंदाबाई त्याच्याजवळ जाऊन पुटपुटली.

"उद्याही आणा, मावशी," मुलगी हळूच म्हणाली.

मंदाबाईला मान वर करवेना. तिने पदराने ते मनगट झाकलं, तरी जागेश्वर हात तसाच पुढे धरून उभा होता.