डाव्या बुटातली पुडी

सेवादास सरांनी आपला खर्रा उर्वशीच्या डाव्या बुटात कोंबला, तो काही वाईट हेतूनं नाही. यवतमाळच्या त्या मैदानाच्या फाटकावर होमगार्ड तंबाखूसाठी मास्तर लोकांचे खिसे चाचपून राहिला होता. उर्वशी छातीवर लावायचा नंबर आणायला गेली होती, तिची पिशवी सरांच्या हातात होती आणि पोरींच्या पिशव्या कोणी पाहत नव्हतं. सकाळी महागावच्या स्टँडवर डोळ्यांसमोर घोटून घेतलेला तंबाखू-सुपारीचा ताजा खर्रा, वरून पन्नीला रबर. तो होमगार्डच्या टोपल्यात टाकायला मन कसं होणार? पुडी पिशवीतल्या बुटात गेली, सर आत गेले, आणि आत जाताच ओळखीचे मास्तर भेटले म्हणून गप्पा हाणत उभे राहिले. तेवढ्यात उर्वशी आली, पिशवी खांद्याला अडकवली आणि दोरीपलीकडं खेळाडूंच्या जागेत जाऊन बसली.

दोरीपलीकडं मास्तरांना मनाई होती.

तोवरही सर निवांत होते. मग भोंग्यावर वर्षा मॅडमचा आवाज आला. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेचा सगळा कारभार त्यांच्याकडं.

"सगळ्या खेळाडूंनी लक्ष द्या. यंदा धावायला उतरण्याआधी प्रत्येकाची पिशवी तपासली जाईल. तंबाखू, खर्रा, गुटखा, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कसली गोळी, कसली पावडर, काहीही निघालं तर खेळाडू वर्षभर बाद. 'माझं नाही' हे उत्तर चालणार नाही. पिशवी ज्याची, जबाबदारी त्याची."

सरांच्या गप्पा तिथंच थांबल्या. हाच नियम ते शाळेत दर शनिवारी पोरांकडून म्हणून घेत. गालात खर्रा असल्यामुळं त्यांच्या तोंडून तंबाखूचा 'तंभाखू' व्हायचा आणि पोरंही इमानदारीनं 'तंभाखू खाणार नाही' अशी शपथ घ्यायची. शिटी वाजवायची तर खर्रा थुंकावा लागे, म्हणून सर टाळ्या वाजवून शर्यत सोडत.

उर्वशी लखीराम राठोड ही फुलसावंगीजवळच्या तांड्यातली पोरगी, यंदा दहावीत. तिला शब्द महाग. हजेरीला सुद्धा ती 'हजर' म्हणत नसे, नुसता हात वर. पण पळायची अशी, की पाहणाऱ्याची मान दुखावी. हे पळणं तिला कोणी शिकवलं, असं सरांनी एकदा तिच्या आईला, नंदाबाईला विचारलं होतं. नंदाबाई म्हणाली, "तिच्या बापाच्या खर्ऱ्यानं."

गोष्ट खरी होती. लखीराम अंगणात बसून जमिनीवर थुंकायचा आणि म्हणायचा, "हे वाळायच्या आत खर्रा घेऊन ये." पाच-सहा वर्षांची उर्वशी तांड्यातून सडकेवरच्या पानठेल्यापर्यंत पळायची आणि परत यायची. उन्हाळ्यात थुंकी लवकर वाळते, म्हणून उन्हाळ्यात पोरगी जास्त जोरात पळायची. पुढं बापाचं तोंड आखडत गेलं. आधी तोंडात तीन बोटं जायची, मग दोन, मग एक. आता लखीराम पेज पितो, तीही एका गालानं. तेव्हापासून तिनं त्या पानठेल्याकडं पाहिलं नाही, पण पाय पळायचे ते पळायचेच.

बाप असा झाल्यावर ऊसतोडीला नंदाबाई एकटी पडली. टोळीचा मुकादम जोडी मागतो, एकट्या बाईला कोणी नेत नाही. मागच्या आठवड्यात तिनं सरांना सरळ सांगितलं होतं, "सर, नंबर लागला तं पोरगी होस्टेलात जाईन. नाही लागला तं दिवाळीनंतर माह्यासंगं कोयता धरीन." पंधराशे मीटरमध्ये पहिल्या दोघी विभागाला जाणार होत्या, आणि विभागाला गेलेल्या पोरीला क्रीडा होस्टेलात जागा मिळत होती. सगळं तिथं अडलं होतं. आणि तिथंच, डाव्या बुटात, सरांची पुडी होती.

सर दोरीजवळ गेले. "उर्वशे," त्यांनी हळूच हाक मारली. तिनं पाहिलं. सरांनी आपल्या डाव्या पायाकडं बोट केलं, मग तोंडाकडं, मग दोन्ही हातांनी काहीतरी फेकल्यासारखं केलं. उर्वशीनं मान हलवली आणि केसांचा रबर घट्ट केला. तिला काय समजलं, देव जाणे.

शेजारी घाटंजीकडचे संजय सर उभे होते. त्यांनी हे सगळं पाहिलं आणि कानाला लागून म्हणाले, "पाहिजे का? माह्या मोज्यात हाय."

"नोको रे बाबा."

"लाजता कायले? चेहरा पाहा तुमचा, राखेवानी झाला. घ्या थोडासा, जीव थाऱ्यावर येईन."

सरांना आयुष्यात पहिल्यांदा खर्ऱ्याच्या नावानं मळमळलं.

रांग पुढं सरकली. उमरखेडच्या एका पोरीच्या पिशवीतून बिनचिठ्ठीच्या गोळ्या निघाल्या. 'सर्दीच्या हायेत' म्हणून ती रडत राहिली, तिचे मास्तर दोरीबाहेरून हात जोडत राहिले, आणि वर्षा मॅडमनी शांतपणे तिच्या छातीवरचा नंबर काढून घेतला. ते पाहून सर फाटकाकडं दोन पावलं सरकले. पळून जावं, असंही एकदा मनात आलं. पुढची बस पकडायची, आर्णी, महागाव, घर. पण घरी गेल्यावर नंदाबाईला काय सांगायचं? बापाच्या खर्ऱ्यानं तुझी पोरगी पळायला शिकली आणि मास्तरच्या खर्ऱ्यानं बसली?

उर्वशीच्या पुढं आता एकच पोरगी उरली. सरांना नोकरी दिसली, बायको दिसली, मुख्याध्यापक दिसले, आणि या सगळ्यांच्या पुढं तो काढून घेतलेला नंबर. ते दोरीखालून वाकून आत शिरले. वाकताना टोपी पडली, ती उचलायचंही भान राहिलं नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "या पोरीच्या डाव्या बुटात खर्रा हाय. तो माहा हाय. म्याच टाकला. तिले काहीच मालूम नाही. जे करायचं ते माह्यं करा."

वर्षा मॅडमनी एकवार सरांकडं पाहिलं, मग पिशवी पालथी केली. डावा बूट झटकला. एक खडा पडला. उजवा झटकला, काहीच नाही. मोजे, पाण्याची बाटली, गुळाचा खडा, एक टॉवेल. पुडी नव्हती.

मागून कोणी पोरगी फिसकन हसली.

"सर, खर्रा कुठं आहे?" मॅडमनी विचारलं.

"होता मॅडम."

"तोंडात आहे का?"

"नाही जी."

"दातांवर आहे," मॅडम म्हणाल्या. "पोरगी धावेल. तुम्ही मैदानाबाहेर थांबा, शर्यत संपेपर्यंत."

होमगार्डनं सरांना फाटकाबाहेर नेऊन सोडलं. उर्वशीची शर्यत सरांनी तारेच्या कुंपणाला नाक लावून पाहिली. पुसदची पायल नावाची उंच पोरगी सुरुवातीपासून पुढं होती, तिला कोणी गाठलं नाही. उर्वशी चौथी होती, मग तिसरी. शेवटच्या वळणावर सरांना पाहवेना, त्यांनी डोळे मिटले आणि तारेला घट्ट धरलं. भोंग्यावर दुसऱ्या नंबराला 'उर्वशी राठोड' ऐकू आलं, तेव्हाही ते बराच वेळ तार सोडेनात.

ती कुंपणाजवळ आली. धापा टाकत होती, ओठ पांढरे पडले होते. सरांची टोपी तिच्या हातात होती. ती तिनं तारेवरून बाहेर दिली.

"भेटली होती का पुडी?" सरांनी विचारलं.

"पिशवी उचलली न् वास आला. एवढीशी होती तवापासून बापाले आणून देत होती, मले नाही येणार त् कोणाले येईन? टाकून देल्ली मुतारीत."

सर हसायला गेले. गाल ताणला गेला आणि आतून कळ आली, नेहमीची. शाळेत नर्सबाई पोरांच्या तोंडात बोटं घालून पाहायला आल्या, त्या दिवशी सर चेंडूत हवा भरायला निघून गेले होते. नंतर घरी कडी लावून त्यांनी स्वतःच पाहिलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं.

"मंग मले सांगतलं काहून नाही?" ते रागावून म्हणाले. "भ्यानं माहा जीव चालला होता."

उर्वशीनं तारेतून हात बाहेर काढला, बोटं जोडून सरांच्या तोंडापुढं धरली आणि म्हणाली,

"तोंड उघडा सर, किती बोटं जातेत ते पाहू."