नवरा आला की उठणारी सरपंच

बायांनो, टीव्हीवर ती राजकारणातल्या बायकांची विनोदी मालिका लागते ना, ती आमच्या घरात सगळे बघतात. त्यातली सरपंचबाई नवरा दिसला की खुर्ची सोडून उभी राहते आणि तो खुशाल बसतो. काल ते बघून सगळ्यांत जास्त आमचे हेच हसले.

मी केज तालुक्यातल्या एका गावाची सरपंच आहे. आज ग्रामपंचायतीत मासिक सभा होती. वस्तीवरच्या पाण्याचा विषय होता. मी बोलत होते, तेवढ्यात हे आत आले. हे साधे सदस्यही नाहीत, तरी सगळे उठले. आणि काय सांगू, मीपण उठले! डोक्यावर पदर घेऊन बाजूला सरकलेसुद्धा. हे माझ्या खुर्चीत बसले अन म्हणाले, "हं, बोला."

त्यांच्यापेक्षा मला माझाच राग जास्त आला.

"अहो, उठा. ती खुर्ची माझी हाय."

हे लागले हसायला. "कालची शिरेल डोक्यात गेली व्हय?"

"न्हाई. शिरेलमधली उभीच राहती. मी बसणार हाय."

दुसरं कोणीच हसलं नाही. हे उठले. मी बसले आणि पाण्याचा विषय जिथं सुटला होता तिथून पुढं नेला.

घरी आल्यापासून हे बोलत नाहीत. नका बोलू. पुढच्या सभेलाही मीच बसणार.

तुमच्यापैकी आज कोण कोण असं उठलं? खरं सांगा. आणि परत बसलात का?